भोंग्याच्या नावाची मूठ

डोकं तापलेलं असतानाच लिहायला बसलेय, तेव्हा भाषा तिखट वाटली तर वाटू दे. इथले अनुभव मी बसची वाट बघताना वाचते, आणि खरं सांगते, निम्म्यांना मनातल्या मनात हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, चिंचेखालची बाई... छे! मी नंदुरबारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त घ्यायचं, काच लावायची, डोळ्याला दिसलं तर लिहायचं, नाही दिसलं तर नाही लिहायचं. चौकात उतरवून टाकलेला नारळ एकदा मी घरी आणून त्याची चटणी केली होती. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि कुणाला साधी ढेकरसुद्धा वाईट आली नाही. असल्या बाईवर ही वेळ आली आहे म्हणून लिहितेय.

राहायला आम्ही धानोऱ्याला. प्लॉटवरची घरं, एकाला एक चिकटलेली, मधे एका विटेची भिंत. शेजारी शिंकलं तर इकडून 'सत्य' म्हणायचं, इतकी पातळ. खाली मी आणि सासूबाई, वर जेठ म्हणजे माझे थोरले दीर, जेठाणी आणि त्यांचे दोन मुलगे. माझा नवरा सुरतला कापडाच्या मिलमध्ये, सुट्टी मिळेल तसा येतो. मुलगी धुळ्याला होस्टेलवर गेली आणि घर खायला उठायला लागलं. आमच्या लॅबच्या मागे एक कुत्री व्याली होती, तिचं एक पिल्लू आषाढात मी डब्याच्या पिशवीत घालून बसने घरी आणलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच एक.

आणि आवाज? अरे देवा! मुठीएवढं पिल्लू, पण मी कामाला जायला दाराला कडी लावली की जे सुरू व्हायचं ते थेट मी परत येईपर्यंत. गल्लीनेच नाव ठेवून टाकलं — भोंग्या. पलीकडच्या भिंतीला मंगलाताई. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली. बाळ झोपलं की भोंग्या सुरू, भोंग्या थांबला की बाळ सुरू. मी बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आले की ओट्यावरून हाक ठरलेली —

"वैशाली, तुन्हं कुत्रं रडी ऱ्हायनं वं!"

रोज. हेच वाक्य, हाच सूर. माझी तळपायाची आग मस्तकाला जायची. मला माहीत नाही का रडतंय ते? मलाही कान होते तेव्हा.

सल्ले देणारेही कमी नाहीत. एक म्हणे दुधात थोडी दारू पाज, झोपून राहील. एक म्हणे उपाशी ठेव, ताकदच राहणार नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शेवटी ठरवलं, पिंजऱ्याची सवय लावायची. क्रेट ट्रेनिंग म्हणतात ते. आमच्या समोर रफिकभाई वेल्डिंगचं काम करतात, त्यांच्याकडून जाळीचा पिंजरा करून घेतला. जेठ जिन्यात उभे राहून हसले, "कुत्राले पिंजरा? वाघ शे का तो?" हसा म्हटलं.

पिंजरा म्हणजे शिक्षा नाही, ती त्याची खोली... हे मी घरात सगळ्यांना सांगून थकले. आत जुनी गोधडी घातली, वरून चादर टाकली. दूध-भाकरी आतच द्यायची, दार उघडं ठेवून. मग जरा वेळ लावायचं, मग जरा जास्त. रडत असताना दार उघडायचं नाही, नाहीतर त्याला कळतं की रडलं की सुटका होते. गप्प बसला की लगेच उघडायचं आणि लाड करायचे. पहाटे उठून मी त्याला शेताच्या रस्त्याने पळवून आणायची, म्हणजे दमून झोपेल. मधल्या भिंतीला आतून पोत्यांचा थर लावला. शिरा करून गल्लीत घरोघर वाटला आणि हात जोडून सांगितलं की थोडे दिवस सांभाळून घ्या, सवय लागतेय त्याला. शिरा सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत, "वैशाली, तुन्हं कुत्रं..."

फरक पडत होता बरं का. आधी दिवसभर रडायचा, मग सकाळपुरता रडायला लागला. पण जेठांना धीर नव्हता. त्यांनी एक दिवस मला ऐकवलं, की कानबाईला भाऊबंद येणार आहेत, तोवर गप्प झाला तर ठीक, नाहीतर मी त्याला कुठेतरी सोडून येईन. मी म्हटलं, हात तर लावून बघा.

कानबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणातल्या एका रविवारी आम्हा खान्देशातल्यांच्या घरी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. जो जिथे असेल तिथून घरी येतो. तिच्या प्रसादाला रोट म्हणतात. आमच्या घरात रोटाचे गहू पुरुषांच्या नावाने काढतात. एकेकाची सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. बाईची मूठ नसते. आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. सुना खातात, कारण त्या घरात आल्या. लग्न झालेल्या लेकींना मिळत नाही, कारण त्या घरातून गेल्या. शेजाऱ्यापाजाऱ्याला तर कणभरही नाही, आणि राखीपौर्णिमेच्या आत घरच्यांनीच तो संपवायचा.

तर गहू काढायला आम्ही तिघी बसलो. मुठी मोजायला बसलं की आमच्या जेठाणीच्या अंगावर मूठभर मांस चढतं. सासऱ्यांच्या मागे मोठे म्हणून जेठ, मग त्यांचा एक मुलगा, मग दुसरा — प्रत्येक मूठ सुपात टाकताना नाव घेऊन, सावकाश. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैशालीनी एकच मूठ. तिनं काम लवकर सरी जास."

दरवर्षी म्हणते. दरवर्षी मी ऐकून घेते. त्या दिवशी सकाळीच मंगलाताईंशी भांडण झालेलं, बस चुकलेली, त्यात हे...

"थांबा," मी म्हटलं. "आखो एक शे."

"कोनी?"

"भोंग्यानी."

आणि हात घातला, सव्वा मूठ गहू काढले, भोंग्याचं नाव घेतलं आणि सुपात टाकले. जेठाणीने तोंडावर हात ठेवला तो काढेचना. मग वर जाऊन नवऱ्याला घेऊन आली. जेठ ओरडले, "कुत्राना रोट? भाऊबंद काय म्हनतीन?" मी पण ओरडले, "मन्ही पोरनी मूठ काढतस का तुम्ही? मंग कुत्रानी काढी ते काय व्हयनं!"

सासूबाईंनी सूप स्वतःकडे ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "पडनी ते पडनी. सूपमा पडेल मूठ परत काढता येत नही." विषय संपला. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे खाली कुणी उपदेश करायला येऊ नये.

रविवारी कानबाई बसली. नवरा सुरतहून आला, चुलते, चुलत दीर, सगळे आले. मुलीची परीक्षा होती, ती आली नाही. आरती झाली, नैवेद्य झाला, रोट खाल्ला. माझ्या ताटातला एक तुकडा मी भोंग्याच्या पिंजऱ्यात दिला, त्याच्या नावाचा होता म्हणून. आणि काय सांगू... घरात एवढी माणसं, बायकांची गाणी, टाळ्या, तरी भोंग्या गप्प! एकदम गप्प. मी मधूनमधून चादर उचलून बघत होते. बसला होता आपला, मान वर करून तोंड उघडत होता, मला वाटलं जांभया देतोय. सोमवारी सकाळीही तसंच. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, ट्रेनिंग सक्सेसफुल. मी इतकी खूश होते की जेठाणीलाही चहा करून दिला.

आणि तेवढ्यात मंगलाताई दारात. डोळे लाल. "काल सांजपाईन रडी ऱ्हायनं तुन्हं कुत्रं! तुमनं गानं ऐकाले येत नव्हतं इतलं! पोरगं जराबी झोपनं नही!"

मी म्हटलं, ताई, सणाच्या दिवशी तरी खोटं बोलू नका. हूं नाही की चूं नाही त्याने. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच त्यांच्या तोंडावर खोटं बोलतेय. जेठ जिन्यात उभे राहून सगळं ऐकत होते.

आम्ही कानबाईला घेऊन नदीवर गेलो. जेठ आले नाहीत, म्हणाले पिकअपमध्ये नवापूरचा माल भरलाय, तो पोचवायचाय. सणाच्या दिवशी माल! मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाचून, गुलालाने माखून, नदीची वाळू घेऊन परत आलो तर पिंजऱ्याचं दार उघडं, चादर खाली पडलेली, भोंग्या नाही.

जेठ परत आल्यावर म्हणाले, "कडी उघडी राही गयी व्हयी. पळी गया." रफिकभाईंनी केलेली कडी. ती उचलून, फिरवून, ओढावी लागते. कुत्र्याच्या पिल्लाने कडी काढली म्हणे! मी विचारलं, भाऊ, खरं सांगा. तर म्हणाले, शेजारी तक्रार करत होते, गेलं ते बरंच झालं. मी विचारलं, तुम्ही स्वतः त्याला रडताना ऐकलं का काल? ते म्हणाले, "मी नही ऐकं. पन मंगलाताई सांगी ऱ्हायनती ना."

मी गाव पालथं घातलं. हाका मारून घसा बसला. नवरा म्हणाला जाऊ दे, दुसरं आणू, आणि सुरतच्या गाडीला बसला. एवढंच त्याचं सांत्वन.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर ओट्यावरून हाक, "वैशाली, तुन्हं कुत्रं रडी ऱ्हायनं वं!"

माझ्या डोक्यात सण्णकन गेलं. अगं बाई, माझं कुत्रं गेलं आणि तू मला वाकुल्या दाखवतेस? मी त्यांचा हात धरला आणि ओढत घरात आणलं. वयाचाही मान ठेवला नाही. पिंजऱ्यासमोर उभं केलं, चादर उचलली. "दाखवा! कुठे रडतंय? दाखवा मला!"

पिंजरा रिकामा. गोधडी आणि पाण्याची वाटी. मंगलाताईंनी आत बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आत. आणि दोन्ही हात कानांवर दाबले. रिकाम्या पिंजऱ्यासमोर, भर उजेडात. "हाई काय शे वं..." एवढं म्हणाल्या आणि उलट्या पावली बाहेर गेल्या. मी त्यांच्या पाठीवर ओरडले, नाटकं बंद करा म्हणून.

तो पिंजरा मला डोळ्यांसमोर नको झाला. रफिकभाईंना बोलावलं, घेऊन जा म्हटलं, तोडा, वितळवा, काहीही करा. ते आले, वाकले, आणि उचलता उचलता थांबले. जाळीतून हात आत घातला, गोधडी चाचपली, हात बाहेर काढला. "भाभी... अंदर तो कोई नहीं. लेकिन रो रहा है." मी म्हटलं, रफिकभाई, तुम्ही पण? तुम्हाला मंगलाताईंनी शिकवून पाठवलं का? त्यांनी कानाला हात लावला. "कसम से भाभी, मैं नहीं उठाऊँगा इसे." आणि निघून गेले.

आता गल्ली विरुद्ध आमचं घर असं झालं. गल्लीत सगळ्यांना ऐकू येतंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, दूधवाल्याला, झाडूवालीला. आमच्या घरात कुणालाच नाही. मला नाही, सासूबाईंना नाही, वरच्या चौघांना नाही. मी शपथेवर सांगते, माझ्या मनात एकच होतं — ही सगळी मिळून माझी थट्टा करताहेत.

मग नणंद आली. सुरेखा, राखीसाठी, थेट सासरहून. तिला घरात पिल्लू आणलं होतं हेसुद्धा कुणी सांगितलेलं नव्हतं. पाणी प्यायली, ताट केलं, जेठांना राखी बांधायला बसली, आणि गाठ मारता मारता म्हणाली, "वहिनी, हाई पिल्लू कधी लयनी? सोड ना वं त्याले, कितलं रडी ऱ्हायनं!"

जेठांचा हात तिच्या हातातच राहिला. तोंड पांढरंफटक. शेजारी खोटं बोलतील, पण याच घरात वाढलेली त्यांची धाकटी बहीण कशाला खोटं बोलेल? ती उठून मधल्या खोलीत गेली आणि रिकामा पिंजरा बघून परत आली. "कोठे शे ते?" तिने विचारलं.

मग जेठांनी सांगितलं. सोमवारी पिकअपमध्ये टाकून नेलं, विसरवाडीला हायवेच्या फाट्यावर, ढाब्याशेजारच्या टायरच्या दुकानामागे सोडलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. जेठांसमोर डोक्यावरचा पदर सरकू न देणारी मी. ते खाली मान घालून ऐकत होते आणि राखीचं तबक तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बस स्टॉपवर गेले तर मंगलाताई आधीच उभ्या, भिंतीपलीकडून सगळं ऐकून. कपाळाला बाम चोळलेला. "मी बी येस," म्हणाल्या. बसमध्ये शेजारी बसल्या, मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढून पुढे केले, मी खिडकीकडे तोंड केलं.

विसरवाडीला उतरलो. तिकडचा गोंगाट ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. सुरतेकडे जाणारे ट्रक, हॉर्न, एसटीवाल्यांच्या आरोळ्या, टायरच्या दुकानातला हवेचा पंप. पंक्चर काढणाऱ्या माणसाला विचारलं, तांबडं पिल्लू बघितलं का? तो वैतागून म्हणाला, "घेऊन जा बाबा, ओरडून ओरडून डोकं उठवलंय. हातात येत नाही, टायरांत घुसतं." मी म्हटलं कुठे? त्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, ऐकू येत नाही का?"

मी कान दिला. ट्रक ऐकू आले. पंप ऐकू आला. ढाब्यावरचं गाणं शब्दन्शब्द ऐकू आलं.

मंगलाताई माझ्या हाताला धरून चालायला लागल्या. एकदाही थांबल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही. दुकानाला वळसा, मागे जुन्या टायरांची रास, त्या राशीच्या पार टोकाला गेल्या आणि बोट दाखवलं.

भोंग्या होता. दोन टायरांच्या मधे उभा, अंग चिखलाने बरबटलेलं, मान वर, तोंड उघडत होता आणि मिटत होता. मंगलाताईंनी कानांवर हात दाबलेले. आणि मला... काही नाही. काहीच नाही. त्याच्या तोंडातून काहीच येत नव्हतं. मग रविवारची संध्याकाळ आठवली, मान वर करून दिलेल्या त्या जांभया.

मी त्याला उचललं. तो माझ्या अंगावर चढला, गळ्यात तोंड घातलं. माझा हात त्याच्या बरगड्यांवर होता आणि बरगड्या धडधडत होत्या, आतून धक्के येत होते, एकामागून एक. तो भुंकत होता. हाताला कळत होतं, कानाला नाही.

"गप रे गप," मंगलाताई त्याला म्हणाल्या. "उनी ना तुन्ही माय."

परत येताना आम्ही शेंगदाणे खाल्ले.

गुरांच्या डॉक्टरांना दाखवला. म्हटलं याचा आवाज गेलाय. ते म्हणाले, "आवाज गेलाय? अहो, तोंड धरा त्याचं, मला कानात मशीन घालता येत नाहीये!" मग मी माझेच कान तपासून घेतले, कानाच्या डॉक्टरांकडे मशीनवर बसून. नॉर्मल. मी स्वतः रोज लोकांच्या हातात रिपोर्ट देते, नॉर्मल शब्दाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता. गल्लीतली बाकी सगळी कुत्री मला ऐकू येतात. मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं, तर रेषा नुसत्या उड्या मारताहेत आणि मला शांतता. सुरतला नवऱ्याला पाठवलं, तो म्हणाला ब्लँक आहे. धुळ्याला मुलीला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली, "आई, आधी त्याला गप्प कर ना, तुझं काही ऐकूच येत नाहीये!"

मुलीने रोट खाल्लेला नव्हता. सुरेखाला मिळत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्नच नाही. हा हिशोब मी नाही मांडला, सासूबाईंनी मांडला, चुलीपुढे बसून, अगदी शांतपणे. "तू त्यानी मूठ काढी. तो घरना व्हयी गया. घरना माणूस घरमा रडस ते घरनाले ऐकू येत नही वं, बाहेरनाले येस. मी या घरमा इतला वरीस रडनू. तुन्हा सासराले कधी ऐकू उनं?"

मला त्यांचाही राग आला. असं काही बोलून ठेवतात आणि भाकरी थापायला लागतात. हे काय स्पष्टीकरण झालं? रोट खाल्ल्याने कानाचं काय होतं? कुठल्या पुस्तकात आहे? मी अजूनही म्हणते, याला काहीतरी कारण असणार, आणि ते मला सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी डॉक्टर असेल तर सांगा. भूतबाधा, लिंबू, उतारा असलं सांगायला येऊ नका. जेठ अजून माझ्याशी नजर मिळवत नाहीत आणि मिळवूही नये. मी माफ केलेलं नाही.

भोंग्या आता मोठा झालाय. स्वतःहून पिंजऱ्यात जातो, गोधडीवर तीन गिरक्या घेऊन झोपतो. ट्रेनिंग पूर्ण झालं म्हणायचं! मी कामावर असताना क्वचितच रडतो म्हणे. म्हणे, कारण मला काय कळणार? मंगलाताई सांगतात. भिंतीवरची पोती मी काढून टाकलीत, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून. सुटीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात असले आणि पलीकडून हाक आली, "वैशाली, तुन्हं कुत्रं रडी ऱ्हायनं वं!" की मी हातातलं टाकून धावते. त्याला तहान लागलेली असते, नाहीतर पाय जाळीत अडकलेला असतो.

पुढच्या कानबाईला मी रोट खाणार नाही. ऐकू येईल की नाही माहीत नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, केवढा तमाशा होईल ते मला ठाऊक आहे. होऊ दे.

कालची गोष्ट. मी फाटकातून आत आले, भोंग्या उड्या मारत पुढे आला, तोंड उघडलं. मंगलाताई ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "वैशाली, आवाज बदलना वं त्याना. आते जाडा व्हयना. मोठा कुत्रानामायक."

मी तिथेच खाली बसले. "कसा करस तो? ताई, सांगा ना."

त्यांनी इकडे तिकडे बघितलं, गल्लीत कुणी आहे का म्हणून. मग मान वर केली आणि भुंकल्या. जाड, दमदार, छातीतून — "भॉ! भॉऽ भॉ!" नातू खदखदून हसायला लागला. माझा हात भोंग्याच्या बरगड्यांवर होता.

"आखो एकदाव करा ना," मी म्हटलं.